ध्वनिमुद्रिकांची आवरणे व प्रदर्शनसूची

गाण्याची रेकॉर्ड किंवा चित्रप्रदर्शन लोकांपुढे आणताना केलेली चित्रे, अक्षरे व कोरी जागा यांची मांडणी. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीचे कव्हर बहुधा साधे कागदी असे. मधल्या गोल भोकातून लेबलावरचे गायकाचे नाव आणि ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ कंपनीच्या बोधचिन्हातला कुत्रा दिसे. अमेरिकेत १९४० च्या सुमारास ॲलेक्स स्टाइनवाइस याने कोलंबिया कंपनीसाठी सचित्र आवरणे रूढ केली.

आवरणांप्रमाणेच चित्रप्रदर्शनांच्या सूचीचीही मांडणी होते; तिच्याशी सोलापूर जिल्ह्याचा दुवा आहे. या जिल्ह्यातील पंढरपुरात १९१५ साली जन्मलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन मुंबईत आधी सिनेमाची होर्डिंग्ज रंगवत. पुढे ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या चित्रकारांच्या गटात आले. गटाच्या १९४९ मधील मुंबईच्या प्रदर्शनसूचीत गटातील चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सोझा यांनी गटाची भूमिका मांडली होती.

चित्राचे नाव, माध्यम, आकार व साल सूचीत नोंदलेले असल्याने अस्सलपणा पडताळताना अभ्यासक तिचा आधार घेतात.