गहाणखतापासून गृहकर्जापर्यंत

घर विकत घेणाऱ्याला आणि त्या घरावर कर्ज देणाऱ्याला तीन गोष्टी पारखून घ्याव्या लागतात: विकणारा खरा मालक आहे का, मिळकतीवर आधीचा बोजा आहे का आणि कर्ज फिटल्यावर मिळकत निर्वेध सुटेल का. महाराष्ट्रात या प्रश्नांची उत्तरे आधी गावाने दिली, मग न्यायालयाने, मग नोंदणी कचेरीने आणि अलीकडे बँकांसाठी केलेल्या कायद्यांनी. आधीच्या व्यवस्थेतली पळवाट उघडी पडली, की पुढचा नियम आला, असा हा क्रम आहे.

मराठेशाहीत मिरासदाराची जमीन वंशपरंपरेने चाले. त्याला ती विकता किंवा गहाण टाकता येई. उपरी कुळाला हा अधिकार नसे. विक्रीचा कागद मोडी लिपीत लिहिला जाई. त्यात जमिनीची ओळख, किंमत आणि शेवटी गावकऱ्यांच्या साक्षी असत. ज्याला लिहिता येत नसे तो कुणबी सहीऐवजी नांगराची निशाणी करी. तंटा झाल्यास गोतसभा बसे आणि तिच्या निर्णयाचा महजर, म्हणजे निवाडापत्र, होई. कोणते शेत कोणाचे आणि कोणाकडे अडकलेले, हे पाटील-कुळकर्ण्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांना ठाऊक असे. घेणारा आणि देणारा एकाच पंचक्रोशीतले होते तोवर ही व्यवस्था पुरेशी होती.

इंग्रजी अमलात ती अपुरी पडू लागली. 1836 मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी मोजणी व आकारणी सुरू केली आणि पुढे ती मुंबई इलाख्यात पसरली. जमिनीला सर्व्हे नंबर मिळाला, सारा ठरला आणि खातेदाराचा हक्क विकता येण्याजोगा झाला. त्यामुळे जमीन सावकाराच्या दृष्टीने भरवशाचे तारण ठरली. वसुलीसाठी आता गावाची संमती लागत नव्हती, दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा पुरत होता.

त्या काळच्या गहाणाचे मुख्य प्रकार तीन. नजरगहाणात मिळकत ऋणकोच्याच ताब्यात राही. ताबेगहाणात धनको ती वहिवाटून उत्पन्न घेई. तिसरा प्रकार गहाणलहाणाचा. त्यात ठरलेल्या मुदतीत पैसे न फेडल्यास गहाणाचीच विक्री झाली असे समजावे, ही अट असे. 1864 मध्ये ‘रामजी विरुद्ध चिंतो’ या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने ही अट अंतिम मानण्यास नकार दिला. व्यवहार मुळात गहाणाचा असेल तर मुदत टळली तरी तो गहाणच राहतो आणि पैसे भरून मिळकत सोडवण्याचा हक्क ऋणकोकडे उरतो, असे तत्त्व त्यातून रूढ झाले. 1870 मध्ये मद्रास इलाख्यातल्या एका खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने उलट मत दिले, तरी मुंबईच्या न्यायालयाने आपली वाट सोडली नाही.

सावकारांनी यावर तोड काढली. गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत करून घ्यायचे आणि पैसे दिल्यास जमीन परत देऊ असे तोंडी सांगायचे. कागदावर विक्री, मनात गहाण, अशा व्यवहारात ऋणकोच्या हाती पुरावा उरत नसे. कर्जाचा हा जाच आणि साऱ्याचा भार यांतून 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथे दंगा उसळला. शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः सावकारांच्या कागदांवर होता. ठिकठिकाणी कर्जरोखे हिसकावून जाळले गेले. चौकशी आयोग नेमला गेला आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांना लागू होता. न्यायालयांना कर्जाचा मूळपासूनचा हिशेब तपासण्याचा अधिकार मिळाला आणि दस्त करण्यासाठी ग्रामनिबंधक नेमले गेले. पुढच्या दुरुस्तीने, दिसायला विक्री असलेला व्यवहार खरे तर गहाण आहे, हे तोंडी पुराव्याने सिद्ध करण्याचीही मुभा दिली.

मालकीचा पुरावा गावाच्या स्मरणातून सरकारी पुस्तकात नेण्याचे काम नोंदणीच्या कायद्यांनी केले. 1864 च्या कायद्याने स्थावराच्या महत्त्वाच्या दस्तांची नोंदणी सक्तीची केली. सध्याचा कायदा 1908 चा आहे. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराचा हक्क देणारा दस्त नोंदवलाच पाहिजे, हा त्याचा गाभा. कचेरीतली सूची क्रमांक दोन मिळकतवार लावलेली असते. घर घेणाऱ्याच्या तोंडी असलेला ‘इंडेक्स टू’ तो हाच. या पुस्तकांत मागची वर्षे चाळून जुने गहाण किंवा विक्री शोधणे, म्हणजे सर्च घेणे, हा वकिलांचा आणि मुंबईतल्या सॉलिसिटरांचा ठरलेला उद्योग झाला. सर्च सहसा तीस वर्षांचा घेतात. गहाण सोडवून घेण्याची मुदत पूर्वी साठ वर्षांची होती. 1963 च्या मुदतीच्या कायद्याने ती तीसवर आणली.

मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा 1882 चा, पण मुंबई इलाख्याला तो 1 जानेवारी 1893 पासून लागू झाला. गहाणाचे प्रकार त्याने एकत्र बांधले. शर्तीच्या विक्रीचा जुना घोळ 1929 च्या दुरुस्तीने आवरला: परत देण्याची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली नसेल तर तो व्यवहार गहाण मानला जाणार नाही. याच कायद्यात मालकीची मूळ कागदपत्रे धनकोकडे ठेवून होणारे गहाण आहे. व्यापाऱ्यांना झटपट पैसा लागे, म्हणून ही सोय आधी मुंबईसारख्या मोजक्या बंदरी शहरांपुरती होती. नंतर अधिसूचना काढून ती इतरत्र नेली गेली. त्यासाठी नोंदवलेले गहाणखत लागत नाही. आजची बहुतेक गृहकर्जे याच पद्धतीने दिली जातात.

इमारतीतल्या एकेका घराने नवा पेच निर्माण केला. मुंबईत गावदेवी येथे 1915 मध्ये स्थापन झालेल्या सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्थेने मिळकत संस्थेची आणि घरात राहण्याचा हक्क सभासदाचा, हा मार्ग घालून दिला. स्वातंत्र्यानंतर बिल्डर ओनरशिपचे फ्लॅट विकू लागले, तेव्हा संस्था नंतर आणि पैसे आधी अशी स्थिती झाली. आगाऊ रकमा घेऊन करार न करणे, विकलेल्या फ्लॅटवर परस्पर कर्ज काढणे, जमीन संस्थेच्या नावे न करणे या तक्रारींवर 1963 चा मालकी सदनिका कायदा, म्हणजे मोफा, आला. ठरावीक मर्यादेपलीकडे आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी साठेखत नोंदवणे त्याने बंधनकारक केले. साठेखतानंतर खरेदीदाराच्या संमतीशिवाय मिळकत गहाण टाकण्यासही मनाई केली. जमिनीचे अभिहस्तांतरण मात्र अनेक संस्थांना मिळालेच नाही. म्हणून 2008 मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद झाली. बिल्डर टाळाटाळ करत असेल तर संस्थेला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते. 2017 पासून महारेरा या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची देखरेख आली आणि आगाऊ रकमेची मर्यादा दहा टक्के झाली.

1977 मध्ये हसमुखभाई पारेख यांनी मुंबईत एचडीएफसी स्थापन केली आणि पगारदारासाठी दीर्घ मुदतीचे गृहकर्ज हा स्वतंत्र व्यवसाय झाला. 1988 मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँक आली. कागदपत्रे ठेवून होणाऱ्या गहाणाची उणीव आता ठळक झाली. नोंद नसल्याने ते सर्चमध्ये दिसत नसे आणि बनावट कागदांवर एकाच घरावर दोन-तीन बँकांकडून कर्ज उचलता येई. ही फट बुजवण्यासाठी 2011 मध्ये देशभरातल्या तारणांची सेरसाई ही केंद्रीय नोंदवही सुरू झाली. महाराष्ट्रात 1 एप्रिल 2013 पासून अशा गहाणाची सूचना तीस दिवसांत दुय्यम निबंधकाकडे देणे सक्तीचे झाले.

गहाण सोडवण्याचा हक्क मात्र या काळात आखडत गेला. 2002 च्या सरफेसी कायद्याने थकीत कर्जासाठी साठ दिवसांची नोटीस देऊन, दिवाणी दावा न लावता, घराचा ताबा घेण्याचा अधिकार बँकांना दिला. 2016 च्या दुरुस्तीनंतर पूर्ण थकबाकी भरून घर वाचवण्याची संधी लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच उरते. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये हाच अर्थ ग्राह्य धरला. 1864 चा निर्णय मुदतीनंतरही ऋणकोची बाजू राखणारा होता. आजचा कायदा वसुलीच्या वेगाला अधिक वजन देतो.

नियमाने कर्ज फेडणाऱ्याला मात्र संरक्षण वाढले आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार 1 डिसेंबर 2023 पासून कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांच्या आत मूळ कागदपत्रे परत करणे आणि नोंदवलेला बोजा उतरवणे कर्ज देणाऱ्या संस्थेवर बंधनकारक आहे. तिच्या चुकीमुळे उशीर झाल्यास दर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई कर्जदाराला द्यावी लागते.