संगणक वारंवार का थिजतो? निदानाची क्रमवार रीत

१९ जुलै २०२४ रोजी हैदराबादनजीकच्या शमशाबाद येथील राजीव गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास प्रवाशांच्या हाती पडले. त्या दिवशी जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून ठप्प झाले होते. सायबर हल्ल्याची शंका घेतली गेली. प्रत्यक्षात दोष होता तो क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या सुरक्षा सॉफ्टवेअरसाठी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी पाठवलेल्या एका फाइलमध्ये. उपाय म्हणून यंत्रे बदलावी लागली नाहीत, की त्यांतील माहिती पुसावी लागली नाही. संगणक सेफ मोडमध्ये सुरू करून ती एक फाइल काढली की तो पूर्ववत चालू होई.

हे सॉफ्टवेअर कंपन्या व संस्था वापरतात. त्यामुळे घरगुती संगणक त्या दिवशी बहुतांशी वाचले. मात्र त्या घटनेतला धडा घरालाही लागू पडतो. थिजणे, म्हणजे आपण ज्याला ‘हँग होणे’ म्हणतो ते, लक्षण आहे, रोग नव्हे. कारण न शोधता संगणक ‘फॉरमॅट’ केला, तर त्यातील माहिती जाते आणि दोष मेमरीचा किंवा विजेचा असल्यास तो आठवडाभरात पुन्हा डोके वर काढतो.

आधी माहिती वाचवा

तपासणीपूर्वी छायाचित्रे, कागदपत्रे आणि हिशेबाच्या फाइली बाहेरील डिस्कवर उतरवून घ्याव्यात. थिजण्यामागे हार्ड डिस्क निकामी होत असल्याचे कारण असू शकते आणि अशा डिस्कचा प्रत्येक वापर तिचे आयुष्य घटवतो. डिस्कमधून टकटक किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल, तर संगणक तत्काळ बंद करावा. तीत अमोल माहिती असल्यास ती परत मिळवणाऱ्या जाणकाराकडेच सोपवावी.

कधी थिजतो, याची नोंद ठेवा

चार-पाच दिवसांची साधी नोंद अर्धे निदान करते. वेळ, त्या क्षणी चाललेले काम, खोलीतील उष्मा आणि आदल्या काही दिवसांत झालेला बदल लिहून ठेवावा. सुरू केल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी, विशेषतः खेळ किंवा व्हिडिओ चालू असताना थिजत असेल, तर संशय उष्णतेवर जातो. फाइल उघडताना अडत असेल तर डिस्कवर. कोणत्याही नियमाविना थिजत असेल तर मेमरी वा वीजपुरवठ्यावर. आणि नवे सॉफ्टवेअर बसवल्यानंतर सुरुवात झाली असेल, तर त्या सॉफ्टवेअरवर.

पडदा थिजला असतानाच कॅप्स लॉकची कळ दाबून पाहावी. तिचा दिवा लागत-विझत असेल, तर प्रणालीचा गाभा बहुधा जिवंत आहे आणि एखादा प्रोग्राम अडला आहे. अशा वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि प्रतिसाद न देणारा प्रोग्राम बंद करावा. दिवा अजिबात हलत नसेल, तर दोष अधिक खोलवर, म्हणजे ड्रायव्हरमध्ये किंवा यंत्राच्या भागांत असण्याची शक्यता वाढते.

उष्णता, धूळ आणि दमटपणा

पंखा प्रोसेसरची उष्णता खोलीतील हवेत सोडतो. हवेपेक्षा थंड तो काहीच करू शकत नाही. खोलीचे तापमान २५ अंशांवरून ४० अंशांवर गेले, तर त्याच कामासाठी प्रोसेसरही सुमारे १५ अंशांनी अधिक तापतो. म्हणून हैदराबादच्या एप्रिल-मे महिन्यांत, दख्खनच्या कोरड्या धुळीने पंख्याची जाळी भरलेली असताना, हिवाळ्यात निर्वेध चालणारा संगणक दुपारी थिजू लागतो. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास स्वतःची गती घटवतात. त्याहूनही तापल्यास संगणक बंद पडतो.

गोव्यात उष्म्याला दमट, खारी हवा जोडली जाते. पावसाळ्यात धूळ ओलसर होऊन पंख्याला चिकटते आणि धातूच्या जोडांवर गंज किंवा पुट चढते. वीजजोड काढून, मऊ ब्रशने जाळी स्वच्छ करावी आणि हवा मारताना पंख्याची पाती धरून ठेवावीत. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवू नये. जुन्या संगणकात प्रोसेसरवरील उष्णतावाहक लेप वाळलेला असतो; तो नव्याने लावण्याचा खर्च अल्प असतो.

डिस्क, मेमरी, वीज

टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा वापर काहीही काम नसताना दीर्घकाळ १०० टक्के दिसणे ही धोक्याची खूण आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम डिस्कने स्वतःविषयी ठेवलेल्या नोंदी वाचून दाखवतो. तिथे सावधानतेचा इशारा दिसल्यास दुरुस्तीच्या फंदात न पडता माहिती हलवावी व डिस्क बदलावी.

मेमरीसाठी विंडोजमध्येच मेमरी डायग्नोस्टिक ही चाचणी आहे. एकही चूक आढळली, तर मेमरीच्या पट्ट्या काढून पुन्हा घट्ट बसवाव्यात. दोन असतील तर एकेक लावून पाहावी. एका पट्टीवर संगणक सुरळीत चालला आणि दुसरीवर थिजला, तर दोषी हाती लागला.

फ्रिज किंवा पंप सुरू होताच डेस्कटॉप संगणक थिजत असेल, तर घरातील वीजजोडणी, अर्थिंग, यूपीएस आणि संगणकातील एसएमपीएस तपासावे. एसएमपीएस घरी उघडू नये. वीज काढल्यानंतरही त्यात घातक विद्युतभार राहतो.

सॉफ्टवेअरचा दोष कसा ओळखावा

संगणक सेफ मोडमध्ये सुरू केला की केवळ अत्यावश्यक ड्रायव्हर चालतात. तिथे तासन्‌तास सुरळीत चालणारा संगणक एरवी थिजत असेल, तर दोष बहुधा एखाद्या ड्रायव्हरचा किंवा आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामचा असतो. विंडोजमधील रिलायबिलिटी मॉनिटर दिवसवार बिघाड आणि त्याच दिवसांतील नवी सॉफ्टवेअरे शेजारी-शेजारी दाखवतो. संशयित एकेक करून काढावेत. एका वेळी दोन बदल केले, तर कशाने गुण आला ते कळत नाही. दोन अँटीव्हायरस एकत्र असतील, तर त्यांतील एक आधी काढावा.

दुकानात जाताना

हैदराबादकर सिकंदराबादच्या पार्कलेनवरील चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये, म्हणजे ‘सीटीसी’त संगणक घेऊन जातात, तर गोव्यात आपण गावातील दुरुस्तीकाराकडे. दोन्हीकडे सोबत ही नोंद न्यावी. ‘हँग होतो’ एवढेच सांगितले, तर उत्तर बहुधा ‘फॉरमॅट करू’ असे मिळते. ‘सेफ मोडमध्येही थिजतो, डिस्क निर्दोष आहे, एका पट्टीवर चालतो’ असे सांगितले, तर काम मेमरीच्या एका पट्टीवर भागते. फॉरमॅट करण्यापूर्वी विचारले जावे, असे पावतीवर लिहून घ्यावे आणि बदललेला जुना भाग परत मागावा.