न्यूवेल पेरी यांची शिष्यशाखा

अंध मुलाला शिकविणे अवघड खरे. परंतु शिकून तयार झालेल्या अंध तरुणाला त्याच्या योग्यतेचे काम मिळणे त्याहून अवघड असते. अमेरिकेतील न्यूवेल पेरी यांना हा अनुभव तरुणपणीच आला. १८७३ साली कॅलिफोर्नियात जन्मलेल्या पेरींची दृष्टी बालपणीच गेली. बर्कलीच्या अंधशाळेत राहून ते डोळस मुलांच्या माध्यमिक शाळेत शिकले, १८९६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाचे पदवीधर झाले आणि १९०१ मध्ये त्यांनी म्यूनिच येथे गणितातील डॉक्टरेट संपादन केली. एवढी विद्वत्ता घेऊन स्वदेशी परतल्यावरही त्यांना विद्यापीठात अध्यापकाची जागा मिळाली नाही. न्यूयॉर्कमध्ये शिकवण्या करून त्यांना चरितार्थ चालवावा लागला.

आपल्या वाट्याला आलेली उपेक्षा पुढच्या पिढीच्या वाट्याला येऊ नये, हाच मग त्यांच्या आयुष्याचा ध्यास झाला. महाविद्यालयीन पाठ्यपुस्तके ब्रेल लिपीत क्वचितच असत. अंध विद्यार्थ्याला ती वाचून दाखविणारा मनुष्य लागे, आणि त्याचे वेतन देणे गरिबाला परवडत नसे. पेरींच्या खटपटीने या वेतनासाठी सरकारी साहाय्य देणारे कायदे न्यूयॉर्क राज्यात १९०७ मध्ये व कॅलिफोर्नियात १९१३ मध्ये झाले.

१९१२ मध्ये पेरी आपल्याच जुन्या शाळेत शिक्षक म्हणून आले आणि १९४७ पर्यंत तेथे राहिले. अंधांनी झाडू बांधावेत, खुर्च्या विणाव्यात, असा तेव्हाचा सर्वसाधारण समज होता. पेरी मात्र आपल्या विद्यार्थ्यांना विद्यापीठाची वाट दाखवीत, आणि वकिली, अध्यापन यांसारखे व्यवसाय त्यांच्या आवाक्यातले आहेत हे त्यांच्या मनावर ठसवीत. हा उपदेश कोरडा नव्हता. त्या वाटेवरचा प्रत्येक खाचखळगा त्यांच्या स्वतःच्या पायांना ठाऊक होता.

या शिष्यांत जेकोबस टेनब्रूक अग्रगण्य होत. १९४० मध्ये अमेरिकेतील अंधांच्या राष्ट्रीय महासंघाची स्थापना त्यांनी पुढाकार घेऊन केली आणि १९४२ पासून ते बर्कली येथे कॅलिफोर्निया विद्यापीठात अध्यापन करू लागले. गुरूला न लाभलेले प्राध्यापकपद शिष्याने भूषविले. १९६१ मध्ये पेरी निवर्तले. पाच वर्षांनी, १९६६ मध्ये, टेनब्रूक यांनी एका कायदेविषयक निबंधात अपंगांना चारचौघांच्या जगात निर्वेधपणे वावरण्याचा हक्क आहे, असे प्रतिपादन केले. बर्कलीच्या अंधशाळेत पेरी आपल्या मुलांना हाच धडा पस्तीस वर्षे देत आले होते.