मेजर किलांडर आणि नकाशाची शर्यत

इ. स. १९१९ सालच्या मार्च महिन्याची २५ तारीख, मंगळवार. त्या काळीं स्वीडनमध्यें हा दिवस मेरीमातेच्या सणाचा म्हणून सुट्टीचा असे. स्टॉकहोमच्या आग्नेयेस, बाल्टिक समुद्राच्या कांठीं, साल्टशोबाडेन नांवाचें हवा खाण्याचें ठिकाण आहे. राजधानीपासून तेथपर्यंत १८९३ सालीं आगगाडी सुरू झाली होती. त्या दिवशीं तेथें २२० धांवपटु जमले, ते कांहीं समुद्राची हवा खाण्यासाठीं नव्हे. समोर खडकाळ, दलदलीचें, पाइन व स्प्रूस वृक्षांनीं भरलेलें रान होतें, आणि त्यांतून नकाशा व होकायंत्र यांच्या साहाय्यानें आपली वाट आपणच काढावयाची होती. ही सभा भरविणाऱ्या गृहस्थांचें नांव एर्न्स्ट किलांडर. ओरिएंटियरिंग या नांवानें आज जगभर खेळल्या जाणाऱ्या खेळाचा जन्म याच दिवशीं झाला असें सामान्यतः मानतात, आणि किलांडर यांना त्याचे जनक म्हणतात.

हा खेळ आपल्याकडे फारसा परिचित नाहीं, म्हणून त्याचें स्वरूप थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. रानांत कांहीं ठिकाणीं खुणेचीं ठाणीं मांडलेलीं असतात व तीं नकाशावर वर्तुळांनीं दाखविलेलीं असतात. बहुधा स्पर्धक एकामागून एक, ठराविक मिनिटांच्या अंतरानें सुटतात. कोणी कोणाच्या पाठीमागें लागूं नये हा त्यांतील हेतु. सर्व ठाणीं क्रमानें गांठून जो कमींत कमी वेळांत परत येईल तो जिंकला. दोन ठाण्यांच्या मधली वाट मात्र कोणीच आंखून देत नाहीं. टेकडी चढून सरळ जावें, कीं लांबचा पण सपाट वळसा घ्यावा, याचा निर्णय ज्याचा त्यानें धांवतां धांवतां करावयाचा. पायांत वारा भरलेला पण नकाशा वाचण्यांत कच्चा असा गडी येथें हटकून मागें पडतो, आणि चाळिशी उलटलेला एखादा सावध मनुष्य त्याच्याआधीं परत येऊन घाम पुसत बसलेला आढळतो.

किलांडर यांना जनक म्हणण्यास एक आक्षेप आहे, व तो क्षुल्लक नाहीं. ही कल्पना त्यांची नव्हे. अनोळखी मुलूख नकाशा व होकायंत्र यांच्या आधारें ओलांडणें या अर्थीं 'ओरिएंतेरिंग' हा शब्द स्वीडनच्या कार्लबर्ग येथील लष्करी विद्यालयांत १८८६ सालींच वापरांत आला होता. पुढें सैनिकांच्या आपापसांतील शर्यतींतही हा प्रकार शिरला. नागरिकांना खुली अशी शर्यत तर शेजारच्या नॉर्वेनें घेतली. ३१ ऑक्टोबर १८९७ रोजीं, आज ऑस्लो या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या राजधानीजवळ, ट्याल्वे नांवाच्या क्रीडासंघानें ती भरविली. तींत ८ जणांनीं भाग घेतला व पेडर फॉसुम हा १ तास ४७ मिनिटें ७ सेकंदांत पहिला आला. वेळेचा हिशेब सेकंदापर्यंत ठेवणारे हे लोक हौशी होते, पण गबाळे नव्हते. तेव्हां जन्मतारीखच शोधावयाची तर ती साल्टशोबाडेनच्या आधीं बावीस वर्षें पडते, आणि नॉर्वेजियन लोक ही गोष्ट स्वीडिश पाहुण्यांना ऐकविल्यावांचून राहत नसतील!

मग १८९७ च्या आठांचे १९१९ मध्यें दोनशे वीस कसे झाले? प्रश्नाचें खरें मर्म येथें आहे, आणि किलांडर यांची कामगिरीही येथेंच शोधावी लागते.

किलांडर यांचा जन्म १८८२ चा. पेशा सैनिकाचा, मेजरच्या हुद्द्यापर्यंत ते चढले. पण नोकरी संभाळून उरणारा वेळ ते दोन ठिकाणीं देत: एक बालवीर चळवळ आणि दुसरें स्टॉकहोमचें अव्यवसायी क्रीडामंडळ. या मंडळाचे ते अध्यक्ष होते. असलें अध्यक्षपद म्हणजे पोटाचें साधन नव्हे. पत्रें लिहिणें, नियम करणें, सभा भरविणें आणि पंच मिळाला नाहीं तर स्वतः शिट्टी घेऊन उभें राहणें, असेंच अशा पदाचें स्वरूप सर्व देशांत असतें.

१९१२ सालीं ऑलिंपिक सामने स्टॉकहोमलाच झाले होते. त्या उत्साहाची लाट ओसरल्यावर मैदानावरील धांवण्याच्या शर्यतींकडे तरुणांचें मन लागत नाहीं, हें किलांडर यांच्या ध्यानांत आलें. त्याच त्या वर्तुळांत फेऱ्या घालणें मुलांना कंटाळवाणें वाटूं लागलें होतें, आणि जिंकणारे ठरलेले तीन-चार सोडले तर इतरांना पुन्हा येण्यास कारणच उरत नसे. अशा वेळीं दुसऱ्या एखाद्या अध्यक्षानें बक्षिसें वाढविलीं असतीं, किंवा तरुण पिढीच्या आळसावर एक व्याख्यान दिलें असतें. किलांडर यांनीं शहराबाहेरील रानाकडे पाहिलें. स्काउटांना नकाशा शिकवितांना मुलांचे डोळे कसे चमकतात, हें त्यांच्यासारख्या स्काउटनायकास वेगळें सांगावयास नको होतें. सैन्यांतील विद्या, स्काउटांचें कुतूहल आणि धांवपटूची दमछाक, या तिहींचा त्यांनीं मेळ घातला.

यश एका दिवसाचें असतें तर तें तेथेंच विरून गेलें असतें. ट्याल्वे संघाच्या शर्यतीनंतर नॉर्वेंत नेमकें तसेंच झालें. आरंभ चांगला होऊनही पुढें तेथील उत्साह मंदावला. किलांडर मात्र १९१९ नंतर वर्षानुवर्षें याच कामाला चिकटून राहिले. मार्ग किती प्रकारचे असावेत, ठाणीं कशा जागीं मांडावीं, वयाप्रमाणें स्पर्धकांचे वर्ग कसे पाडावेत, शर्यतीची व्यवस्था कोणी व कशी पाहावी, याचे नियम त्यांनीं बसविले. वाचावयास हे कंटाळवाणें कलम वाटेल; पण चौदा वर्षांचा मुलगा आणि पंचवीस वर्षांचा सैनिक यांना एकाच मार्गावर सोडलें, तर तो मुलगा पुढच्या खेपेस येत नाहीं. वर्ग पाडल्यानें तो येतो, दहा वर्षें येत राहतो, आणि पुढें स्वतः ठाणीं मांडूं लागतो.

ठाणें मांडणें हीही एक कलाच आहे. तें फार उघड्यावर ठेवलें तर नकाशाची गरज उरत नाहीं. फार दडवून ठेवलें तर शोध बुद्धीचा न राहतां नशिबाचा होतो. मार्ग आंखणाऱ्यानें रान अगोदर स्वतःच्या पायांनीं तुडविलेलें असावें लागतें. प्रत्येक टप्प्यांत निदान दोन वाटा सुचल्या पाहिजेत व दोन्हींत कांहीं लाभ, कांहीं तोटा असला पाहिजे. शिवाय ज्यानें मार्ग आंखला त्याला त्या दिवशीं धांवतां येत नाहीं. सर्वांत चांगली जाण ज्याला, त्यानेंच इतरांसाठीं शर्यतीबाहेर उभें राहावयाचें, शेवटचा स्पर्धक परत आला कीं नाहीं हें मोजावयाचें आणि मग सांजवेळीं रानांत जाऊन ठाणीं काढून आणावयाचीं. हा खेळ जेथें जेथें वाढला तेथें अशा बिनपगारी माणसांच्या जिवावर वाढला, आणि त्यांचीं नांवें निकालपत्रांत छापलीं जात नाहींत.

त्या काळचीं साधनें आठवलीं म्हणजे या लोकांचें अधिकच कौतुक वाटतें. दक्षिण स्वीडनचा लष्करी नकाशा एकास एक लाख या प्रमाणाचा, म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर एक सेंटिमीटर. त्यांत एखादा मोठा खडक किंवा लहानसें डबकें कोठून येणार? त्यामुळें ठाणीं ठळक जागींच ठेवावीं लागत. होकायंत्राची सुई स्थिर होईपर्यंत थांबावें लागे, आणि नकाशावरील दिशेचा कोन मोजण्यास कोनमापक वेगळा बाळगावा लागे. १९३२ च्या सुमारास गुन्नार टिलांडर नांवाच्या एका बेकार यंत्रकारानें, जो स्वतः या खेळाचा शोकी होता, कोनमापक व होकायंत्र एकाच पारदर्शक पट्टीवर बसविलें. च्येलस्ट्रोम बंधूंनीं त्यांत सुधारणा करून सिल्वा ही कंपनी काढली. शाळकरी पोरालाही वापरतां येईल असें होकायंत्र त्यामुळें हातांत आलें.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. स्वीडनमध्यें दुसऱ्याच्या मालकीच्या रानांतूनही, पिकांची नासधूस न करतां व घराच्या आवारांत न शिरतां, पायीं जाण्याचा प्रत्येकास परंपरागत हक्क आहे. रानाच्या प्रत्येक तुकड्यास कुंपण व राखणदार असते, तर किलांडर यांचे नियम कागदावरच राहिले असते. जनकपणाचा थोडा वांटा या जुन्या रिवाजालाही दिला पाहिजे.

पुढचा विस्तार वेगानें झाला. १९२५ सालीं गोटेनबर्ग येथें स्त्रियांसाठीं स्वतंत्र स्पर्धा झाली. १९३२ सालीं ऑस्लोजवळ स्वीडन व नॉर्वे यांच्यांत पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. १९३४ पर्यंत स्वीडनमध्यें सुमारें अडीच लाख लोकांनीं हा खेळ खेळून पाहिला होता असें सांगतात. १९३८ मध्यें त्या देशांत या खेळाची स्वतंत्र राष्ट्रीय संस्था निघाली आणि १९४२ पासून शाळांतून तो सक्तीचा झाला. सक्तीनें खेळाची गोडी वाढते कीं आटते, हा वाद निराळा. पण नकाशा वाचतां न येणारा स्वीडिश मुलगा दुर्मिळ झाला एवढें खरें. आपल्याकडे राष्ट्रीय छात्रसेनेंत नकाशावाचन शिकवितात. मात्र तेथें तो परीक्षेचा विषय असतो, सुट्टीच्या दिवशींचा आनंद क्वचितच होतो.

किलांडर १९५८ सालीं वारले. तीन वर्षांनीं, २१ मे १९६१ रोजीं, कोपनहेगन येथें दहा देशांनीं मिळून आंतरराष्ट्रीय ओरिएंटियरिंग महासंघ स्थापन केला. बल्गेरिया, हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया, स्वित्झर्लंड, त्या काळचीं दोन्ही जर्मन राज्यें आणि उत्तरेकडील डेन्मार्क, फिनलंड, नॉर्वे व स्वीडन असे ते दहा होत. वयाचे वर्ग व ठाण्यांच्या जागा यांसंबंधींचें कलम त्यांच्याही कामकाजांत आलें, पण तें मूळ कोणी बसविलें हें विचारण्यास तेथें किलांडर नव्हते. पहिलें जागतिक अजिंक्यपद १९६६ सालीं फिनलंडमधील फिस्कार्स येथें खेळलें गेलें. वैयक्तिक शर्यतींत पुरुषांमध्यें नॉर्वेचा ओगे हाडलर पहिला आला आणि स्त्रियांमध्यें स्वीडनची उल्ला लिंडक्विस्ट. शेजाऱ्यांचा जुना वाद त्या रानांतही मिटला नाहीं.