थांबण्याचा इतिहास

शर्यतीच्या गाडीभोवती जमलेली माणसं पहिला प्रश्न विचारतात तो इंजिनाचा. किती सीसीचं? ताशी किती जाते? ती थांबते कशी, हे सहसा कुणी विचारत नाही. वेगाचा इतिहास लिहिणाऱ्यांचंही बहुतेक तसंच झालं. इंजिनं, चालक आणि विक्रम यांच्यावर पानंच्या पानं लिहिली गेली; ब्रेकची पट्टी आणि टायरचं रबर यांना कोपऱ्यातली जागा मिळाली. आज त्या कोपऱ्याविषयी बोलायचं आहे. निमित्त आहे हौशी मंडळींच्या ‘ट्रॅक डे’चं.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. शुल्क भरायचं, आपलीच रोजची गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर न्यायची आणि सार्वजनिक रस्त्यावर जे करू नये ते तिथं करून बघायचं. नंबर नाही, बक्षीस नाही. ही हौस जुनी आहे. जर्मनीतल्या आयफेलच्या डोंगरांत न्युर्बुर्गरिंग हा ट्रॅक १९२७ साली खुला झाला आणि सुरुवातीपासूनच तिथं सामान्य माणसाला पैसे भरून आपली गाडी चालवता येत असे. त्याचा उत्तरेकडचा फेरा वीस किलोमीटरहून लांब आहे आणि एका फेऱ्यात सुमारे तीनशे मीटरचा चढउतार आहे. म्हणजे एक घाटच. इंग्लंडमध्ये दुसरं महायुद्ध संपलं आणि ओस पडलेले लष्करी विमानतळ हौशी मोटारवाल्यांच्या हाती आले. सिल्व्हरस्टोन आणि गुडवुड इथल्या शर्यती १९४८ साली सुरू झाल्या त्या अशाच जागांवर. आपल्याकडेही मद्रासच्या उत्तरेला शोलावरम इथं युद्धकाळातली विमानांची धावपट्टी होती. १९५३ साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या शर्यती तिथंच गाजल्या. पुढं १९९० साली इरुंगट्टुकोट्टईचा आणि २००३ साली कोइम्बतूरचा ट्रॅक झाला. गाडी घेऊन दक्षिणेची वाट धरणारे हौशी लोक पुण्यामुंबईतही आहेत.

अशा माणसानं आपल्या गाडीवर आधी कशासाठी खर्च करावा? माझं उत्तर आहे, थांबण्यासाठी. आणि हे उत्तर माझं नाही, शंभर-सव्वाशे वर्षांच्या अनुभवाचं आहे.

सुरुवात चाकापासून करू. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार लोखंडी पट्टा चढवतो. गोवऱ्यांच्या जाळात तो लाल करायचा, चाकावर ठोकून बसवायचा आणि वरून पाणी ओतायचं, म्हणजे आकसून घट्ट बसतो. या पट्ट्याला मराठीत ‘धाव’ म्हणतात. टायरला इतका देखणा शब्द आपल्याकडे होता. तो आपण गाडीवाटेवरच सोडून आलो. असो. हवा भरलेल्या धावेचं पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसानं १८४५ साली घेतलं होतं, पण काळ तयार नव्हता. १८८८ साली बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरनं आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तीच कल्पना नव्यानं शोधली. १८९५ साली मिशलँ बंधूंनी पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेच्या टायरची मोटार उतरवली. वाटेत ती पुनःपुन्हा पंक्चर झाली. जिंकली नाही, पण पोचली.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. ब्रेक चाकाला थांबवतो; गाडीला थांबवतो तो टायर. गाडी कितीही मोठी असो, तिचा प्रत्येक टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढा. त्या चार तळहातांवरच सगळं चाललेलं असतं. त्यांची पकड सुटली, तर ब्रेक कितीही महागाचा असला तरी चाक जागच्या जागी अडतं आणि गाडी मात्र घसरत पुढं जाते.

आता ब्रेककडे येऊ. इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाचे गृहस्थ होते. उतारावर घोडागाडीचे गाडीवान ब्रेकच्या ठोकळ्याला जुन्या बुटाचं कातडं ठोकतात, हे त्यांनी पाहिलं. त्यातून त्यांनी १८९७ साली ब्रेकला लावायच्या पट्ट्यांचा उद्योग सुरू केला. स्वतःच्या आडनावाची अक्षरं उलटसुलट करून त्यांनी पुढं त्याला फेरोडो हे नाव दिलं. सुरुवातीच्या पट्ट्या सुती होत्या. मोटारीचा वेग वाढला तशा त्या जळू लागल्या, आणि मग त्यांच्या जागी न जळणारा धागा आला: ॲस्बेस्टॉस.

या धाग्याची किंमत मोटारवाल्यांनी मोजली नाही. लँकेशायरमधल्या रॉचडेलच्या ॲस्बेस्टॉस कारखान्यात काम करणारी नेली केर्शॉ १९२४ साली वारली, ती फुप्फुसात साचलेल्या तंतूंमुळं. तिच्या शवविच्छेदनावरून डॉक्टर विल्यम कुक यांनी या रोगाची नोंद वैद्यकीय नियतकालिकात केली. ज्या टर्नर घराण्याच्या कारखान्यात ती राबली, त्याच उद्योगसमूहात त्या दशकात फेरोडो सामील झाली. ब्रिटननं ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली ती १९९९ साली. ड्रम ब्रेकच्या जुन्या मोटारींची हौस असणाऱ्यांना एक विनंती: ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेच्या झोतानं उडवू नका, गॅरेजमधल्या पोऱ्यालाही उडवू देऊ नका. ओल्या फडक्यानं पुसून घ्या.

डिस्क ब्रेकचं पेटंट फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ सालीच घेतलं होतं, पण धातूवर धातू घासून तो किंचाळे. त्याचं दिवस पालटायला पन्नास वर्षं गेली. १९५३ साली ल मां इथल्या चोवीस तासांच्या शर्यतीत जग्वारच्या गाड्या डनलॉपचे डिस्क ब्रेक लावून उतरल्या. तिथं सुमारे सहा किलोमीटरचा सरळ रस्ता आणि त्याच्या टोकाला काटकोनी वळण होतं. बंद डब्यासारखा ड्रम तापला की लवकर निवत नाही आणि तापलेला ब्रेक पकड सोडतो. डिस्क उघड्या वाऱ्यावर असते. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन ही जग्वारची जोडी जिंकली. त्या शर्यतीत ताशी शंभर मैलांहून अधिक सरासरी पहिल्यांदाच गाठली गेली, आणि या यशात थांबण्याच्या कलेचा वाटा मोठा होता.

दोनच वर्षांनी, ११ जून १९५५ ला, त्याच ट्रॅकवर माइक हॉथॉर्ननं आपली जग्वार पिटकडे वळवताना ब्रेक दाबला. मागच्या ऑस्टिन-हीलीनं तिला चुकवण्यासाठी बाजू बदलली, आणि मागून आलेली पिएर लव्हेची मर्सिडीज तिच्यावर चढून प्रेक्षकांत गेली. ऐंशीहून अधिक माणसं गेली. चौकशीत कुणा एका चालकावर ठपका आला नाही. पण एकाच रस्त्यावर वेगवेगळ्या ताकदीचे ब्रेक धावतात तेव्हा काय होऊ शकतं, हा प्रश्न तेव्हापासून मिटलेला नाही. आज ट्रॅक डेला पुढच्यानं खूण केल्याशिवाय आणि ठरवून दिलेल्या जागेखेरीज ओलांडू देत नाहीत. नवख्यांना हा नियम जाचक वाटतो. मला तो त्या दिवसाची आठवण वाटतो.

मग निवड कशी करावी? थोडा हिशेब करू. बाराशे किलोची गाडी ताशी १५० किलोमीटरवरून ६० वर आणली, तर तीन-चार सेकंदांत जी उष्णता निघते तिच्यात अडीच लिटर पाणी उकळेल. ट्रॅकवर हे एका फेऱ्यात अनेकदा होतं. घाटात ‘गाडी लहान गिअरमध्ये उतरवा’ अशा पाट्या असतात, त्यांचं कारण हीच उष्णता.

म्हणून पॅडच्या आधी ब्रेक ऑइल बदला. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट-४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरला की ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते आणि पॅडल खाली जातं, काही न थांबवता. खर्च थोडा आहे, आणि टाळला जातो तोही हाच.

पॅडचं म्हणाल, तर रोजचं पॅड थंडीतही पकडतं पण फार तापलं की हात टेकतं. शर्यतीचं पॅड उलट स्वभावाचं: तापेपर्यंत नीट धरत नाही. सकाळी गार गाडी काढून पहिल्याच सिग्नलला थांबायचं असेल तर ते नको. ज्याला त्याच गाडीनं घरी परतायचं आहे, त्यानं दोन्हींच्या मधलं घ्यावं. आणि नवं पॅड बसवल्यावर हळूहळू वाढत्या जोरानं ब्रेक मारून ते डिस्कशी जुळवून घ्यावं. कोरं पॅड पहिल्यांदा खूप तापलं की त्यातून वायू सुटतो आणि पकड निसटते.

टायरच्या बाबतीत दुकानदार चिकट रबराचा आग्रह धरतील. पुष्कळ टायरांवर ‘ट्रेडवेअर’चा आकडा असतो, तो जितका लहान तितकं रबर मऊ, असा ढोबळ अर्थ. पण तो आकडा कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळं दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून फार काही कळत नाही. माझ्या मते पहिल्या वर्षी चांगला, ताजा, रस्त्यावरचाच टायर बरा. तो सुटण्याआधी कण्हतो, ओरडतो, चालकाला शिकवतो. चिकट टायर बराच वेळ गप्प राहतो आणि सुटतो तेव्हा एकदम सुटतो. शिवाय त्याच्यामुळं वळणातून वेग वाढतो, म्हणजे पुढच्या वळणाआधी ब्रेकवरचा भारही वाढतो. साधं पॅड आणि चिकट टायर ही जोडी सर्वांत वाईट.

बाजूवर कोरलेले शेवटचे चार आकडे बघा: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी म्हातारं रबर कडक होतं. हवा टायर गरम असताना मोजा. फेऱ्यांनंतर दाब बराच वाढलेला असतो. वाढलेला तेवढा काढून टाका आणि घरी निघण्याआधी, टायर थंड झाल्यावर, पुन्हा भरा. हे विसरणारे पुष्कळ असतात.

शेवटचा फेरा संथ घ्यायचा, शक्य तितका ब्रेकला हात न लावता, म्हणजे डिस्क वाऱ्यावर निवतात. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. तापलेलं पॅड जिथं दाबून राहील तिथं डिस्कवर डाग धरतं. गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाखाली एक दगड लावायचा.