कुकरने वाचवलेला वेळ गेला कुठे?



चार बायका जमल्या की बोलणं स्वयंपाकघरातल्या नव्या वस्तूंवर येतंच. एकीकडे एअर फ्रायर आलेला असतो, दुसरीच्या मिक्सरचं भांडं गळत असतं, आणि त्याच गप्पांत पुढच्या जमण्याचा बेत ठरतो. या वस्तूंचा इतिहास वाचायला घेतला, तर तिथेही अशी जमलेली माणसंच भेटतात.

कुकरचंच बघा. डेनिस पापिन या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ मध्ये लंडनला घट्ट झाकणाचं एक भांडं केलं. वाफ फार झाली तर बाहेर जावी म्हणून त्याला झडपही बसवली. १६८२ मध्ये रॉयल सोसायटीच्या सभासदांना त्याने त्यात शिजवलेलं जेवण वाढलं. जॉन एव्हलिन या गृहस्थांनी त्या जेवणाची नोंद आपल्या रोजनिशीत करून ठेवली आहे. हाडं मऊ करायला केलेलं ते भांडं आपल्या चौक्यात कुणी येऊ दिलं नसतं! पण तत्त्व तेच. दाब वाढला की पाणी १०० अंशांऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून आपली तूरडाळ लवकर शिजते.

आपल्या देशात १९१० मध्ये कोलकात्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी इकमिक कुकर काढला. खाली कोळसे, वर डब्यांची चळत, आणि वाफेवर वरण, भात, भाजी एकदमच तयार. पुढे १९५९ मध्ये मुंबईत हॉकिन्सची सुरुवात झाली आणि शिट्टीचा कुकर हळूहळू घरोघरी पोहोचला.

त्याच १९५९ साली, १५ मार्चला, गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात जणी पापड लाटायला बसल्या. जसवंतीबेन पोपट त्यांच्यातल्याच. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तेच आजचं लिज्जत. मी कॉमर्सची, म्हणून मला यातला हिशोब फार आवडतो. तिथली प्रत्येक लाटणारी ‘बहीण’ नोकर नसते, भागीदार असते. मळलेलं पीठ केंद्रावरून घरी न्यायचं, लाटून परत द्यायचं. लाटणं आजही हातानेच.

मिक्सरची कथा घरातलीच आहे. साठच्या दशकात सत्यप्रकाश माथुर या इंजिनिअरच्या पत्नीचा परदेशी मिक्सर बंद पडला. आपलं ओलं-सुकं वाटण त्या यंत्राला झेपणारं नव्हतं. मग आपल्या वाटणाला पुरेल अशा दमदार मोटरचा मिक्सर त्यांनी बनवला आणि त्याचं नाव ठेवलं ‘सुमीत’, म्हणजे चांगला मित्र.

मित्र खराच. पाटा-वरवंट्यावर वाकणाऱ्या कितीतरी पाठी त्याने वाचवल्या. पण जमा लिहिली की खर्चही लिहावा. जात्यावर दोघी समोरासमोर बसायच्या आणि मनातलं ओवीत सांगायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी महाराष्ट्राच्या गावोगावच्या बायकांकडून अशा १ लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. विजेची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं. कष्ट सरले हे चांगलंच झालं, पण समोर बसणारी सोबतीणही गेली.

आणि वाचलेला वेळ? रुथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ मध्ये ‘मोअर वर्क फॉर मदर’ या पुस्तकात त्यांच्याकडचा हिशोब मांडला. यंत्रांनी कष्ट कमी केले, तास नाही. घरातले इतर जण आधी हातभार लावत, ते त्यातून सुटले. शिवाय अपेक्षा वाढल्या. आधी एक पदार्थ चालायचा, आता चार लागतात. आपल्याकडे काय वेगळं आहे? पिठाची मर्यादा पाळणाऱ्या घरांत, पावसाळ्यात तीन दिवसांपलीकडचं पीठ न वापरणाऱ्यांच्या घरी, घरघंटी हे वरदानच आहे. पण तिचं बटण दाबायचं काम कुणाचं? बहुतेक घरांत आपलंच.

म्हणून पुढच्या जमण्याचा बेत करताना एवढं बघू या. जिच्या घरी कार्यक्रम, ती बिचारी दुपारभर गॅसपाशी उभी असते. बाहेर हसण्याचा आवाज येतो आणि काय विनोद झाला ते तिला कळतही नाही. वर्षातून दोन-तीनदाच जमतो आपण, आणि तेव्हाही एक जण आतच राहते. साठीनंतर असे दिवस मोजकेच असतात.

या वेळी पदार्थ तीनच ठेवू. एकीने डाळ शिजवून आणायची, एकीने कोशिंबीर, आणि पुऱ्या सगळ्यांनी बाहेरच्या खोलीत बसून लाटायच्या. यजमानीण पोळपाट घेऊन मध्यभागी बसेल. जेवण सूर्यास्ताआधी उरकायचंच आहे, म्हणजे तीनला सुरुवात केली तर लाटता लाटता दीड-दोन तास बोलायला मिळतील. तळायला दोघी आळीपाळीने जातील. आणि पोळपाट-लाटणं ज्यांच्याकडे जास्तीचं असेल, त्यांनी येताना पिशवीत टाकायला विसरू नका.