सागवानी गलबते, सुरतेची

पश्चिम किनाऱ्यावर इमारती लाकूड व इतर माल वाहणारी शिडाची जहाजे. सुरत, बिलिमोरा आणि वलसाड ही त्यांच्या बांधणीची व मालाच्या चढउताराची ठिकाणे. फत्तेमारी, बतेला, कोटिया व मचवा हे मुख्य प्रकार. जे सागवान ही जहाजे वाहत, त्याच सागवानाची ती बांधलेली असत.

लाकूड : सागवान दोन दिशांनी येई. डांगच्या जंगलातले लाकूड बिलिमोऱ्याकडे उतरे. ही जंगले 1842 च्या सुमारास इंग्रजांनी भिल्ल राजांकडून पट्ट्याने घेतली. मलबारात निलांबूरचे ओंडके चालियार नदीतून बेपूर व कल्लाईला येत आणि तेथून गलबतांवर चढत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही मराठ्यांच्या आरमारासाठी सागवान, शिसव परवानगीने तोडावे, उणे पडल्यास परमुलखातून विकत आणावे, रयतेच्या आंबा-फणसाला मात्र हात लावू नये, असे बजावले आहे. सागवानातील तेलामुळे लोखंडी खिळा गंजत नाही. ओकमधील आम्लाने तो झिजतो. युरोपी जहाजांच्या तुलनेत सुरतेच्या जहाजांना मिळालेला हा मोठाच फायदा होय.

बांधणी : सुरतेच्या सुतारांची खरी करामत फळ्यांच्या सांध्यात दिसते. युरोपात फळ्या कडेला कड लावून बसवीत व फट बाहेरून बुजवीत. येथे एका फळीच्या कडेला खाच आणि दुसरीच्या कडेला तिच्यात नेमकी बसणारी जीभ कोरीत. मध्ये कापूस व चंद्रस-तेलाचा लेप घालून दोन्ही एकमेकींत ठोकून बसवीत. या पद्धतीला वाढेरा म्हणतात. तिला वेळ फार लागे, लाकूडही जास्त जाई. पण सांधा इतका घट्ट बसे की अठराव्या शतकात सुरत पाहून गेलेल्या ग्रोस व स्टाव्होरिनस या दोघाही प्रवाशांनी तिची आवर्जून नोंद घेतली. पाण्याखालच्या भागाला चुना व चरबीचा लेप देत. किडीपासून रक्षण करणारा हा लेप पुन:पुन्हा द्यावा लागे. त्रिंकोमालीच्या गोदीतील जॉन एडी याने 1834 मध्ये मोठ्या फत्तेमारीची मापे दिली आहेत : लांबी 76 फूट 6 इंच, रुंदी 25 फूट 2 इंच, खोली 11 फूट 6 इंच, वहनक्षमता सुमारे 200 टन. तिचा पठाण, म्हणजे तळाचा कणा, मध्यभागी वर उचललेला असे.

वाहतूक : उत्तरेकडे येताना लाकूड, नारळ, काथ्या, परतीला मीठ, कापूस, धान्य. पावसाळ्यात गलबते किनाऱ्यावर ओढून शाकारीत, दुरुस्त करीत. नारळी पौर्णिमेनंतर ती पुन्हा समुद्रात लोटीत. तापीचे मुख गाळाने भरत गेल्याने मोठी जहाजे सुवाळीला नांगर टाकीत. उथळ तळाची गलबते मात्र खाडीत आतवर जात. लाकडाच्या धंद्यात ती टिकून राहिली, ती मुख्यतः यामुळे.

खलाशी : तांडेलाच्या हाताखाली, बहुधा किनाऱ्यावरच्याच गावांतले.

आयुर्मान : सुरतेची जहाजे शतकभर टिकत, असे ग्रोस सांगतो, हे सरसकट धरता येत नाही. परंतु भावनगरला 1750 मध्ये बांधलेला ‘दर्या दौलत’ नावाचा बगला (शिडाच्या मोठ्या जहाजाचा एक प्रकार) 1830 च्या दशकातही चालू होता, असा उल्लेख आढळतो. वेळेवर दुरुस्ती, बदललेली फळी आणि तळाचा नवा लेप यांवर असे आयुष्य अवलंबून असे.

उतरती कळा : 1736 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेचे सुतार लवजी नसरवानजी वाडिया यांना काही कारागिरांसह मुंबईस आणले. तेथे 1750 मध्ये कोरडी गोदी उभी राहिली आणि सुरतेची मोठ्या जहाजांची बांधणी मागे पडली. 1860 च्या दशकात रेल्वेने सुरत व मुंबई जोडली. 1913 च्या सुमारास सुरू झालेल्या बिलिमोरा-वघई अरुंदमापी रेल्वेने डांगचे लाकूड वाहण्यास सुरुवात केली. मुंबई गोदीच्या कीर्तीत सुरतेच्या सुतारांचा वाटा पायाभूत आहे. तो पुरेसा सांगितला जात नाही. लवजींचे नातू जमशेटजी बमनजी यांनी 1817 मध्ये मुंबईत मलबारी सागवानातून बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगत्या अवस्थेत जतन केलेली आहे.